खडकातल्या डबक्यात मासा अडकलेला नसतो

प्रश्न असा आला आहे: "रविवारी सकाळी ओहोटीच्या वेळी मुलाला घेऊन वांद्र्याच्या बँडस्टँडला खडकांवर उतरलो. खळग्यांत साचलेल्या पाण्यात बोटाएवढे तपकिरी मासे होते. डोकं मोठं, अंगावर गडद डाग, हात घातला की दगडाखाली पसार. समुद्र मागे गेला आणि पिल्लं बिचारी इथेच राहिली असं वाटून मुलाने चार-पाच बाटलीत धरली आणि लांब जाऊन लाटांत सोडली. बरं केलं ना? पुढच्या वेळी एक-दोन घरी आणून टाकीत ठेवली तर जगतील का?"

मुलाला रागावू नका, त्याचा हेतू चांगलाच होता. पण ते मासे अडकलेले नव्हते आणि पिल्लंही नव्हती. तुमच्या वर्णनावरून ते गोबी आहेत, आणि मुंबईपासून मालवणपर्यंतच्या खडपांत असं वर्णन ज्याला चपखल बसतं तो बॅथिगोबियस फस्कस. एडुआर्ड रुपेल या जर्मन निसर्गअभ्यासकाने १८३० मध्ये लाल समुद्रातल्या माशांवरून या जातीची नोंद केली. तिथपासून पार जपान-ऑस्ट्रेलियापर्यंतच्या उथळ खडकाळ किनाऱ्यांवर हा आढळतो. वाढून वाढून बारा सेंटिमीटर होतो. डबक्यात दिसणारे बहुतेक पाच-सात सेंटिमीटरचे असतात, आणि त्यांतले बरेच जण या वयात बायकापोरांचे धनी झालेले असतात. चिखलात उड्या मारणारी निवटी बाजारात पाहिली असेल, तीही याच गोतावळ्यातली.

ओळखायची खूण छातीजवळच्या परांत आहे. या पराचे वरचे काटे पडद्याने जोडलेले नसतात, सुटे असतात, जुन्या लुगड्याच्या पदराला सुटलेल्या दशांसारखे. पाणी स्वच्छ असेल आणि मासा खडकावर टेकून बसला असेल तर जवळून नीट दिसतात. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची वाटी झालेली असते. ती खडकाला चिकटवून मासा लाटेच्या माऱ्यात जागच्या जागी राहतो. म्हणून हा कधी पाण्याच्या मधोमध तरंगताना दिसायचा नाही. टेकलेला असतो, दोन डोळे वर काढून तुमच्याकडे बघत असतो, आणि धोका वाटला की एका झटक्यात वीतभर सरकून पुन्हा टेकतो.

डबक्यातले सगळेच मासे असे तिथले रहिवासी नसतात, हेही सांगायला हवं. बोयांची बारीक पिल्लं, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेली सार्जंट मेजर नावाच्या माशाची पिल्लं ही पाहुणी मंडळी. ती पाण्याच्या मधल्या थरात पोहतात, बऱ्याचदा घोळक्याने, आणि भरती आली की निघून जातात. त्यांनाही सोडवायची गरज नसते, कारण साधारण सहा तासांत समुद्रच त्यांना न्यायला येतो. तरंगणारा आणि चकाकणारा तो बहुधा पाहुणा, तळाला टेकलेला आणि मातकट तो बहुधा घरचा, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ. घरच्यांत गोबीखेरीज ब्लेनी असतात. त्यांना खवले नसतात, अनेकांच्या डोळ्यांवर बारीक तुरे असतात, आणि फणीसारख्या दातांनी ते खडकावरचं शेवाळ खरवडत बसतात. गोबी त्या मानाने शिकारी, म्हणजे बारकी कोळंबी, खेकड्यांची पोरं, किडे, जे तोंडात मावेल ते.

आता हे घर कसं असतं ते बघा, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्यात आहे. ओहोटीत समुद्रापासून तुटलेल्या डबक्यात पाणी तासातासाला बदलतं. उन्हं वर आली की शेवाळ प्राणवायू सोडायला लागतं, इतका की बुडबुडे दिसतात. रात्रीच्या ओहोटीत तेच शेवाळ आणि तेच मासे मिळून प्राणवायू संपवतात. तेव्हा गोबी पृष्ठभागाशी येऊन, तोंड पाण्याच्या अगदी वरच्या थराला लावून श्वास घेतात. रात्री टॉर्च घेऊन गेलात तर काठाशी तिरपे लागलेले दिसतील. मे महिन्यात उथळ डबक्याचं पाणी हाताला कोमट लागतं आणि वाफ होऊन खारटपणा चढतो. जुलैत एक जोरदार सर आली की वरचा थर जवळपास गोडा होतो. उघड्या समुद्रातला मासा यातलं काही फार वेळ सोसणार नाही.

मुंबईच्या भरती-ओहोटीचं घड्याळ या माशांच्या बाजूचं आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती बारा-साडेबाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी सकाळी सहा-साडेसहाला आणि संध्याकाळी. पाणी सर्वांत खाली उतरतं ते नेमकं या वेळी. त्यामुळे किनाऱ्याचा सर्वांत खालचा पट्टा, जिथे स्पंज, समुद्रफुलं आणि प्रवाळ असतात, तो दुपारच्या उन्हात कधी उघडा पडतच नाही. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, ओहोटी भर दुपारी येते खरी, पण तेव्हा पाणी फार उतरत नाही. होरपळतात ती मधली आणि वरची डबकी. तिथे जे टिकतात ते गोबी, ब्लेनी, काही खेकडे आणि शंख. उद्या दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावर गेलात आणि तिथे उधाणाची ओहोटी दुपारी येत असली, तर खालच्या पट्ट्याचं चित्र वेगळं दिसेल.

डबकं आटलं, ऑक्टोपस आत शिरला किंवा काठावर काळपट रीफ बगळा येऊन उभा राहिला, तर मासा काय करतो? उडी मारतो. या उडीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी.

लेस्टर ॲरनसन हे न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे प्राणिवर्तन अभ्यासक. बहामातल्या बिमिनी बेटावर आपल्या गोबीचा सख्खा भाऊ राहतो, बॅथिगोबियस सोपोरेटर. ॲरनसन यांनी पाहिलं की ओहोटीत डबक्यातल्या या माशाला काठीने डिवचलं की तो उडी मारून शेजारच्या डबक्यात पडतो. तिथे डिवचलं की पुढच्या, तिथून आणखी पुढच्या, असं करत थेट समुद्रात. खडकावर आपटणं क्वचितच. आता मासा आहे पाण्याच्या आत, डबक्याची कड डोक्याच्या वर. शेजारचं डबकं त्याला दिसणं शक्यच नाही. मग कोणत्या दिशेला उडी मारायची, किती लांब मारायची, हे कळतं कसं?

१९५१ च्या निबंधात ॲरनसन यांनी एकेक शक्यता तपासून बाजूला काढली. अंदाधुंद उडी म्हणावी तर नेम इतका लागणार नाही. उडण्याआधी पलीकडे डोकावता येत नाही. शेवटी उरलं ते असं: भरतीच्या वेळी हेच खडक पाण्याखाली असतात आणि मासा त्यांच्यावरून हिंडत असतो. खोलगट कुठे, उंचवटा कुठे, हे तो तेव्हाच लक्षात ठेवतो. आपल्याला ओहोटीत जे डबकं दिसतं तो त्याच्या लेखी भरतीत पाहिलेला एक खळगा असतो. खळग्यात पाणी राहणार हे जमेला धरून तो उडी घेतो.

नुसतं असं म्हणून ते थांबले नाहीत. पुढे त्यांनी प्रयोगशाळेत कृत्रिम डबकी तयार केली आणि त्यांत पाण्याची पातळी कमी-जास्त करण्याची सोय ठेवली. काही माशांना थेट 'ओहोटी'तल्या डबक्यात टाकलं. त्यांना भोवतालची काही माहिती नाही. त्यांच्या उड्या बहुतेक चुकल्या. दुसऱ्या माशांना एक रात्र 'भरती' दिली, म्हणजे पाणी वर चढवून सगळीकडे पोहू दिलं, आणि सकाळी पाणी उतरवून डिवचलं. त्यांच्या जवळपास सगळ्या उड्या बरोबर पडल्या. एका रात्रीची ओळख पुरली. आणि ही माहिती किती दिवस टिकते हे पाहण्यासाठी मासे बाजूला काढून नंतर परत आणले, तेव्हा ४० दिवसांनीही त्यांना जागा आठवत होत्या. हे काम १९७१ मध्ये प्रसिद्ध झालं. "माशाची आठवण तीन सेकंदांची" असं सांगणारे आजही भेटतात, त्यांना मी हाच दाखला देतो.

प्रयोग बहामातल्या भावावर झाले, पण ज्याची उडी पाहायची त्याला आपल्या कोकणातही ती पाहता येते. दगड-काठीची गरज नाही. डबक्यावर सावली पडली, कोणी धपकन पाय टाकला, की एखादा मासा ओल्या कातळावरून टुणकन पलीकडच्या खाचेत जातो. बघणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं बेडूकच उडाला. (मुद्दाम डिवचत बसू नका. एक उडी चुकली आणि मासा कालवांच्या धारेवर पडला तर त्याचा खेळ तिथेच संपतो.)

आता तुमच्या मुलाच्या सुटकेकडे या. त्याने ज्यांना लाटांत सोडलं, त्यांना त्याने संकटातून बाहेर काढलं नाही. ज्या खडकाची इंच न् इंच माहिती होती तिथून उचलून अनोळखी जागी नेऊन टाकलं. कुठे लपायचं, पाणी उतरताना कोणत्या खळग्यात थांबायचं, कुठल्या दगडाखाली जबडा वासून मोठा खेकडा बसतो, हे त्याला तिथे ठाऊक नाही. तरी फार हळहळू नका. सिडनीजवळच्या किनाऱ्यावर याच कुळातल्या बॅथिगोबियस कोकोसेन्सिस माशांना खुणा करून दुसरीकडे सोडलं, तर त्यांतले बरेच आपल्या मूळ डबक्यात परत आले. तिथल्याच अभ्यासात आणखी एक गंमत निघाली. खडकातल्या डबक्यांत राहणाऱ्या गोबींच्या मेंदूचा पुढचा भाग, जो जागा लक्षात ठेवण्याच्या कामी येतो, तो वाळूत राहणाऱ्या गोबींपेक्षा मोठा भरला. वाळूत प्रत्येक लाटेबरोबर नकाशा पुसला जातो, तिथे लक्षात ठेवून करायचं काय? खडक वर्षानुवर्षं तसाच राहतो, म्हणून तिथे पाठांतर कामाला येतं. तर तुमच्या चार-पाचांतले एक-दोन एव्हाना घरी पोहोचलेही असतील. वाटेत किती गळाले हे मात्र कोणी सांगू शकणार नाही, म्हणून पुन्हा करू नका.

दुसरं एक कारण आहे, आणि माझ्या मते ते अधिक गंभीर आहे. तुम्ही जो मोठ्या डोक्याचा, गडद मासा उचललात तो नर असण्याची शक्यता बरीच. गोबीत घर सांभाळतो तो नर. दगडाखालची पोकळी तो साफ करतो, मादीला बोलावतो. मादी त्या पोकळीच्या छताला, म्हणजे दगडाच्या खालच्या अंगाला, एका थरात अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढे अंडी फुटेपर्यंत नर तिथेच परांनी पाणी हलवत राहतो, चोरट्यांना हुसकावतो. त्याला उचललात की काही वेळात इतर मासे आणि खेकडे ती फस्त करतात.

या बोलावण्याचाही अभ्यास झालेला आहे. त्याच अमेरिकन संग्रहालयात काम केलेल्या विल्यम टॅव्होल्गा यांनी १९५० च्या दशकात दाखवलं की सोपोरेटरचा नर मादीला रिझवताना खालच्या पट्टीत घुरघुरतो, अंगाचा रंग पालटतो. आणि गाभोळीला आलेल्या मादीच्या शरीरातला द्रव नुसता पाण्यात सोडला, समोर मादी नसली, तरीही नर रिझवायला सुरुवात करतो. वास घेण्याची सोय बंद केली तर करत नाही. आपल्या फस्कसमध्ये वेगळीच लबाडी जपानी अभ्यासकांना दिसली. मोठे नर घर धरून बसतात, आणि लहान नर घर बांधायच्या भानगडीत न पडता, मादी अंडी घालत असताना चोरपावलांनी आत घुसून आपला कार्यभाग उरकून पळतात. डबक्याकडे पाच मिनिटं शांत बसून पाहिलंत तर एक मोठा मासा वारंवार दगडाखालून बाहेर येऊन कोणाला तरी पिटाळताना दिसेल. भांडण बहुधा याचंच असतं.

म्हणून खडकावर फिरायला येणाऱ्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो: दगड उलटला तर जसा होता तसाच, त्याच कुशीवर, परत ठेवा. वरच्या अंगाचं शेवाळ खाली गेलं की मरतं, आणि खालच्या अंगाची अंडी उन्हात वर आली की अर्ध्या तासात वाळतात. मासा न उचलताही, नुसता दगड पालथा सोडून, अख्खी वीण घालवता येते. फोटोसाठी दगड उलटून तसाच टाकणारे हौशी लोक मला बाटलीवाल्या मुलांपेक्षा जास्त त्रासदायक वाटतात.

आता टाकीचं. नको. एक तर नेतानाच अडचण. अर्ध्या लिटरच्या बाटलीत उन्हातून तासभर प्रवास म्हणजे पाणी तापतं, प्राणवायू संपतो. डबक्यात गोबी वरच्या थराला तोंड लावून किंवा उडी मारून वाट काढतो, बूच लावलेल्या बाटलीत तो काय करणार? दुसरं, नळाचं पाणी आणि मीठ मिसळून समुद्राचं पाणी होत नाही. खाऱ्या पाण्याची टाकी चालवायची तर वेगळी क्षारमिश्रणं, घनता मोजायचं साधन, गाळणीत जिवाणू रुळायला काही आठवडे, हा सगळा संसार लागतो. तिसरं, हा मासा उडणारा आहे. टाकीला झाकण नसेल तर सकाळी फरशीवर सुकलेला सापडेल, कारण टाकीच्या पलीकडे डबकं नाही हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. चौथं, दोन नर एका टाकीत ठेवलेत तर एकच उरेल. आणि आणून ठेवल्यावर मुलाला दिसणार काय? एका कोपऱ्यात टेकून बसलेला मातकट मासा. त्याची उडी, त्याचं भांडण, त्याची चौकीदारी सगळी तिकडेच राहिली.

रंगाची मजासुद्धा तिकडेच आहे. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये तिथल्या खडक-गोबीवर प्रयोग झाले. फिकट तळावर ठेवलेला मासा मिनिटाभरात फिकट होतो, गडद तळावर गडद. आपल्याकडे हे उघड्या डोळ्यांनी पाहायचं तर असं डबकं शोधा ज्यात अर्धा तळ काळा दगड आणि अर्धा शंखशिंपल्यांचा पांढरट चुरा आहे. मासा एकीकडून दुसरीकडे गेला की नजर हलवू नका. आधी तो ठळक दिसेल, मग डाग विरत जातील, आणि तुम्ही पापणी लववून पुन्हा पाहाल तेव्हा शोधावा लागेल. मुलाला हे दाखवा, बाटली आपोआप विसरेल.

जाता जाता एक. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात वरळी-हाजी अलीच्या बाजूचे प्रवाळ २०२० मध्ये उचलून दुसरीकडे हलवले गेले, कारण वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत, प्रवाळ आहेत. त्याच खडकांतल्या गोबींना कोणतीही अनुसूची नाही, त्यामुळे त्यांचा विषयच निघाला नाही. आणि निघाला असता तरी हलवून उपयोग काय, ज्याची सगळी हुशारी त्या एका खडकाला बांधलेली आहे त्याला? भराव पडला की खडक गेला, आणि खडकाबरोबर तो पाठ करून बसलेली मासळीही गेली. अंड्यांतून निघालेली पिल्लं सुरुवातीला समुद्रात वाहत असतात, ती नव्या खडकावर उतरू शकतात. मोठ्यांना ती मुभा नाही.

पुढच्या फेरीसाठी. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया धरा. जुन्या लोकांचा ढोबळ हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यातून सव्वासहा तास वजा केले की ओहोटी. म्हणजे द्वितीयेला ओहोटी सकाळी सव्वासात-साडेसातच्या आसपास, मुलांना झेपेल अशी. रत्नागिरी-मालवणकडे वेळ थोडी आधी सरकते, म्हणून छापील किंवा मोबाइलवरचं भरतीचं कोष्टक एकदा पाहून घ्याच. पायात पकड असलेले जुने बूट, चपला नकोत, कालवं पाय कापतात. डबक्याशी गेल्यावर सूर्य तुमच्या तोंडावर येईल असं बसा, म्हणजे सावली पाण्यात पडणार नाही. सनस्क्रीन लावलेला हात पाण्यात घालू नका. ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी वळलं की लगेच माघारी फिरा. उधाणाचं पाणी मुंबईत चार मीटरहून जास्त चढतं, आणि ते समोरून येण्याआधी खडकांमधल्या चरांतून तुमच्या पाठीमागे भरलेलं असतं.